कडेची खुर्ची

आमच्या पक्षाचं नाव मी सांगणार नाही. झेंड्याचा रंगही सांगणार नाही. सांगितला तर निम्मे वाचक इथूनच पान उलटतील आणि उरलेले उगाच माझ्या प्रेमात पडतील. दोन्ही प्रकारच्या माणसांचा मी पुरेसा अनुभव घेतलेला आहे. पक्षात माझ्याकडे काम काय होतं, तेवढं सांगतो. मी खुर्च्या लावायचो.

हसायला काय झालं? दिवसभर तारनाक्याला रेल्वेच्या ऑफिसात फायली सरकवायच्या आणि संध्याकाळी हिमायतनगरला परत येऊन पक्षासाठी खुर्च्या लावायच्या, हे मी जवानीपासून पेन्शनीपर्यंत केलं. लोकांना वाटतं, खुर्च्या काय, टेंटहाऊसवाला आणतो आणि मांडतो. टेंटहाऊसवाला लग्नाच्या खुर्च्या मांडतो. सभेच्या खुर्च्या मांडायला डोकं लागतं.

तीनशे माणसं येतील असं वाटत असेल तर खुर्च्या दोनशेच लावायच्या. मधला रस्ता रुंद ठेवायचा, रांगांत अंतर सोडायचं, पुढे गालिचा पसरून बरीच जागा खायची. म्हणजे मागे शंभर माणसं आपोआप उभी राहतात, दुसऱ्या दिवशी पेपरात 'अलोट गर्दी' असं येतं आणि अध्यक्ष खूश होतो. बाकीच्या खुर्च्या लॉरीतच ठेवायच्या, ताडपत्रीखाली. लागल्या तर चार चार उतरवायच्या. रिकामी खुर्ची फोटोत फार मोठी दिसते, हे आमच्या पक्षात माझ्याइतकं कुणालाच कळलेलं नव्हतं.

इतकी वर्षं मी पक्षात होतो, पण स्टेजवर एकदाही बसलो नाही. स्टेजवरच्या खुर्च्या वेगळ्या असतात. त्यांना पांढरं कव्हर असतं आणि मागे सॅटिनची गाठ असते. त्या गाठी मीच मारायचो. साहेब लोक आले की मी खाली उतरायचो आणि माईकवाल्याच्या बाजूला उभा राहायचो. आमच्या डिव्हिजनचे, म्हणजे महापालिकेच्या वॉर्डाचे, चार अध्यक्ष बदलले. शेवटचा तर माझ्यासमोर चड्डीत क्रिकेट खेळलेला तेलुगू पोरगा. तो मला 'अन्ना' म्हणायचा आणि खुर्च्या पुसून घ्यायला सांगायचा. मला स्टेजवर बसायचं होतं. एकदाच, कडेला का होईना. यात लाजायचं काय आहे? कुणाला काशीला जायचं असतं, मला स्टेजवर जायचं होतं.

आता मैदानाकडे येतो, कारण सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

आमच्या गल्लीच्या टोकाला चिंचेचं मैदान आहे. मैदान म्हणजे फार मोठं नाही, एक म्हातारी चिंच आणि तिच्याभोवती धूळ. पण तिथे गणपती बसतात, तेलुगू बायका फुलं रचून बतुकम्मा खेळतात, पोरं खिडक्या फोडतात आणि उन्हाळ्यात मिरच्या वाळतात. गौलीगुड्यातलं आजोबांचं दुकान विकून आमचे वडील या गल्लीत आले तेव्हापासून मी हे बघतोय. तर संक्रांतीच्या आधी एक दिवस मैदानात बोर्ड लागला. 'लवकरच येत आहे: भव्य एसी फंक्शन हॉल.' इकडे तेलुगू मुलखात मंगल कार्यालयाला फंक्शन हॉल म्हणतात. बांधणारा कॉन्ट्रॅक्टर आमच्याच पक्षाचा, निवडणुकीत प्रचाराच्या गाड्या पुरवणारा. परवानगी मिळवून देणारा आमच्याच पक्षाचा. बोर्डासाठी खड्डा खणणारे दोघेसुद्धा आमच्याच पक्षाचे होते, त्यांना मीच बूथवर बसवलेलं होतं.

बायको भाजी घेऊन आली आणि पिशवी टेबलावर ठेवून म्हणाली, "मैदानात हॉल बांधायलालेत म्हणे तुमचे लोक."

"विकास आहे," मी म्हणालो.

"पोरांनी खेळायचं कुठं मग?"

"हॉलमध्ये."

तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. आमच्या लग्नाला आता इतकी वर्षं झाली आहेत की तिचं बघणं मला शब्दांत ऐकू येतं. त्या दिवशी जे ऐकू आलं ते छापण्यासारखं नाही.

माझी समजूत होती की विषय संपला. संक्रांत आली. आमच्याकडचं हळदीकुंकू दरवर्षी घरातच व्हायचं. बायका पलंगावर, दिवाणावर, गॅसच्या शेगडीपर्यंत बसायच्या आणि मी अडगळीसारखा गच्चीवर. यंदा ती म्हणाली, घर लहान पडतं, मी मैदानात करते. मी म्हटलं कर. मला वाटलं, बरं झालं, यंदा टीव्ही बघता येईल. त्या एका 'कर'ची किंमत पक्षाने मोजली.

तिने चिंचेखाली सतरंज्या घातल्या आणि सगळ्या गल्लीला बोलावलं. आमच्या मराठवाड्याकडच्या जुन्या घरांतल्या बायका आल्या. वरच्या फ्लॅटमधली कॉम्प्युटरवाली पुण्याची मुलगी आली, जिला आमचं मराठी ऐकून हसू येतं आणि जिचं मराठी ऐकून आम्हाला शाळेत बसल्यासारखं वाटतं. तेलुगू बायकांना हळदीकुंकू काय नवीन नाही, त्या पसुपु-कुंकुमा म्हणत सगळ्या आल्या. नवरा गेलेल्या बायकांना एरवी कुणी बोलवत नाही. हिने त्यांनाही बोलावलं आणि सांगितलं, ज्यांना कुंकू पाहिजे त्यांनी लावून घ्या, नको त्यांनी गजरा घ्या. समोरच्या घरातल्या खाला, ज्या गल्लीत कोण कधी आलं-गेलं याची दारात खाट टाकून नोंद घेतात, त्याही आपली खाट दोन पोरींना उचलायला लावून आल्या. "मेरेकू कुंकू नक्को," त्या म्हणाल्या, "वो तिल के लड्डू इधर देओ."

आणि वाण म्हणून हिने काय लुटलं? तुळशीचं रोप. 'घरी नेऊ नका,' ती सगळ्यांना म्हणाली, 'इथंच लावा.' इंजिनियरने हॉलच्या खांबांसाठी चुन्याच्या खुणा केल्या होत्या. बायकांनी बरोब्बर त्या खुणांवर तुळशी लावल्या. मुद्दाम नाही, असं सगळ्या शपथेवर सांगतात. माती तिथेच मऊ होती म्हणे.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या वदिनाने, म्हणजे तेलुगू वहिनीने, तिथेच आपलं हळदीकुंकू केलं. तिसऱ्या दिवशी तिसरीने. संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, हे मला माहीत होतं. पण ते रोज, त्याच जागी, वाढत्या संख्येने चालू शकतं, हे कुणाच्याच ध्यानात आलेलं नव्हतं. घोषणा नाहीत, बॅनर नाही, मोर्चा नाही. रोज चार वाजले की बायका नटून येणार, सतरंजी पसरणार, एक तुळस लावणार आणि अंधार पडेपर्यंत बोलत बसणार. कॉन्ट्रॅक्टरचा इंजिनियर टेप घेऊन आला तेव्हा सगळ्यांनी त्याला चप्पल बाहेर काढायला लावली. तो बिचारा अनवाणी तुळशींमधून उड्या मारत माप घेत होता. शेवटी तिळगूळ खाऊन परत गेला.

विरोधी पक्षवाल्यांना वास लागला. ते झेंडे घेऊन पाठिंबा द्यायला आले. माझ्या बायकोने त्यांना सांगितलं, हळदीकुंकवाला पुरुष येत नसतात. ते बाहेर उभे राहून पाठिंबा देत राहिले आणि कुणी चहासुद्धा विचारला नाही म्हणून रुसून गेले. हे ऐकून मला बायकोचा फार अभिमान वाटला. पक्षात सांगायची मात्र सोय नव्हती.

पक्षात तर हाहाकार उडाला होता. अध्यक्षाने कमिटीची तातडीची बैठक बोलावली. मी खुर्च्या लावल्या.

"ये किसका काम है? पीछे कौन है?" अध्यक्ष टेबलावर हात आपटत म्हणाला. "लोगां बोलरें दिल्ली से कोई आया."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दिल्ली माझ्याच स्वयंपाकघरात होती हे सगळ्यांना माहीत होतं, पण बोलायला कुणी तयार नव्हतं, कारण प्रत्येकाच्या घरातून कुणी ना कुणी रोज चारला नटून बाहेर पडत होतं. खजिनदाराची बायको जात होती. महिला आघाडी तर सगळीच्या सगळी तिकडे गेली होती, बैठकीला तिच्या वतीने कोण येणार? आघाडीच्या प्रमुखबाईंचे यजमान निरोप घेऊन आले होते, की बाईंना आज वेळ नाही, आज त्यांचंच हळदीकुंकू आहे.

"अपनी अपनी भाभी को समझाओ," अध्यक्ष म्हणाला.

"तुम समझाए क्या?" खजिनदाराने विचारलं.

अध्यक्षाची आई पहिल्या दिवसापासून पुढच्या सतरंजीवर बसत होती आणि तुळशीला पाणी घालण्याचं काम तिने आपण होऊन घेतलं होतं. मग कमिटीत दोन तट पडले. एक म्हणत होता हॉल रद्द करा, निवडणूक तोंडावर आहे. दुसरा म्हणत होता हॉल रद्द केला तर गाड्या कोण देणार. दोन्ही तटांनी एकमेकांना गद्दार म्हटलं, एकाने राजीनामा लिहून दिला, दुसऱ्याने तो फाडला, आणि मग दोघं मिळून इराण्याकडे चहाला गेले.

आणि अशात महानगरपालिकेच्या निवडणुकीचं आरक्षण जाहीर झालं. आमचं डिव्हिजन महिलांसाठी राखीव.

आता तुम्ही इकडचे नसाल तर एक पद्धत समजून घ्या. तिकडेही असेल म्हणा. डिव्हिजन महिलांना सुटलं की पक्षातले पुरुष रडत नाहीत. ते घरी जातात आणि बायकोला म्हणतात, "इथे सही कर." मग बॅनरवर बायकोचा फोटो हात जोडलेला, पासपोर्टएवढा, आणि नवऱ्याचा मोठा, गॉगल लावून. निवडून आल्यावर बाई घरी आणि साहेब ऑफिसात. लोकही त्यालाच कॉर्पोरेटर म्हणतात. त्यामुळे आरक्षण ऐकून मी पेढे आणले. इतकी वर्षं मी रांगेत होतो, पण मला तिकीट द्यावं असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. पण माझ्या बायकोला? सगळ्या गल्लीत, सगळ्या भाषांत, सगळ्या देवांमध्ये चालणारी दुसरी बाई होती कुठे? अध्यक्ष स्वतः घरी आला. चप्पल काढून आला, यावरूनच काय ते समजा.

"भाभी," तो म्हणाला, "टिकट तुमकूच देरें. बस वो तुलसी का प्रोग्राम बंद करो."

बायकोने लगेच नकार दिला नाही. हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण नंतर लोकांनी उगाच तिला देवी करून टाकलं. तिने माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा त्या वेळी कसा होता कोण जाणे, मी तर मनातल्या मनात बॅनरसाठी फोटो निवडत होतो.

"मी उभी राहते," ती म्हणाली. "सही पण करते. पण पहिल्याच सभेत बोलणार, की हॉल होऊ देणार नाही."

"अगं, सभेत उमेदवारबाईंनी बोलायचं नसतं," मी म्हणालो. "नवरा बोलतो."

"मग तुम्ही बोला. मैदान वाचवतो म्हणा. म्हणता का?"

अध्यक्ष माझ्याकडे बघत होता, ती माझ्याकडे बघत होती, आणि समोरच्या दारात खाटेवरून खाला माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "चहा घेणार का अध्यक्ष?"

तिकीट कॉन्ट्रॅक्टरच्या बायकोला गेलं.

मी चिडलो. उगाच मोठेपणा कशाला दाखवू, फारच चिडलो. माझं आयुष्य एका धुळीच्या तुकड्यापायी वाया गेलं असं मला वाटलं, आणि ते मी तिला मोठ्या आवाजात सांगितलंही. ती म्हणाली, "हौ." एवढंच. त्यानंतर मी बोलणं बंद केलं. तीही गप्प. आमच्या घरात फक्त कुकर बोलायचा. जेवण वेळेवर मिळायचं, चारला ती नटून मैदानात जायची, मी पाचला पक्षाच्या ऑफिसात जायचो, आणि दोघं आपापल्या पक्षाचं काम करायचो.

प्रचार सुरू झाला आणि पक्षाची खरी पंचाईत झाली. उमेदवारबाईंची पदयात्रा संध्याकाळी गल्लीतून निघाली, तर एकाही दारात बाई नाही, सगळ्या मैदानात. ओवाळणार कोण? पदयात्रेत दारोदार औक्षण झालं नाही तर फोटो कशाचे काढणार? अध्यक्षाने मागवलेली आरतीची ताटं तशीच पडली होती. शेवटी एक खजिनदाराच्या हातात दिलं आणि एक माझ्या. उमेदवारबाई हात जोडून उभ्या, आणि मी मिशा असलेला माणूस त्यांना ओवाळतोय. वारा होता, निरांजन दर वेळी विझत होतं. खजिनदार काड्या ओढत होता. कॉन्ट्रॅक्टर म्हणत होता, "चालू ठेवा, चालू ठेवा." ती बाईसुद्धा वाईट नव्हती. ती हळूच मला म्हणाली, "अन्नय्या, मलाही हळदीकुंकवाचं बोलावणं आलंय. जाऊ का?"

मग अध्यक्षाने हट्टाला पेटून ठरवलं की पक्षाच्या राज्यातल्या मोठ्या साहेबांची सभा चिंचेच्या मैदानातच घ्यायची. मैदान कुणाचं ते दाखवून द्यायचं. दिवस नेमका रथसप्तमीचा निघाला, म्हणजे हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. आणि त्या बैठकीनंतर त्याने मला बाजूला घेतलं.

"अन्ना, तुम बहुत बर्दाश्त करे," तो म्हणाला. "इस बार स्टेज पे बैठो. लेफ्ट साइड, किनारे की कुर्सी तुमारी. साहेब के बाजू की लाइन में."

काय सांगू! तिकीट गेलं ते विसरलो. घरी येऊन मी अबोला मोडला. म्हणजे तिच्याशी बोललो नाही, भिंतीकडे बघून मोठ्याने म्हणालो, "रविवारी मी स्टेजवर आहे. डाव्या कडेची खुर्ची." भिंत काही बोलली नाही. बायको तांदूळ धूत राहिली. मला वाटलं, जळते. पण रविवारी सकाळी माझा पांढरा कुर्ता कपाटात हँगरला होता, कडक इस्त्रीचा. मी इस्त्रीला टाकला नव्हता.

सभेच्या दिवशी दुपारीच मी मैदानात पोचलो. बायको काही बोलली नसली तरी तुळशींच्या भोवती मी आपणहून जागा सोडायला लावली. स्टेज बांधून झालं. मी पांढरी कव्हरं घातली, गाठी मारल्या. डाव्या कडेच्या खुर्चीची गाठ जरा जास्त मन लावून मारली, आणि कुणी बघत नाही असं पाहून एकदा बसूनही बघितलं. तिथून सगळं मैदान दिसत होतं. खाली खुर्च्या माझ्या हिशेबाने, म्हणजे थोड्या आणि लांब लांब. बाकीच्या लॉरीत ताडपत्रीखाली.

चार वाजता बायका आल्या, नेहमीप्रमाणे नटून. मला वाटलं त्या चिंचेखाली बसतील. पण त्यांनी सतरंज्या उचलल्या आणि सावली सोडून पलीकडच्या भिंतीला, थेट उन्हात जाऊन बसल्या. उन्हं डोळ्यांवर येत होती, कुणी पदर कपाळावर ओढला होता, कुणी ताट आडवं धरलं होतं. खालांची खाटही उन्हात. अध्यक्ष घाबरला. "ये नया प्लान है अन्ना. उधर कैकू बैठे?" मला काय माहीत? मी म्हटलं, घेराव घालायचा विचार असेल.

साहेब यायच्या थोडं आधी अध्यक्ष पळत स्टेजवर आला. साहेबांची कंबर दुखते, त्यांना सोफा लागतो, सोफा येतोय. जागा करायला पाहिजे. त्याने डावीकडून उजवीकडे नजर फिरवली. उमेदवार, उमेदवाराचे यजमान, यजमानांचे भाऊ, भावाचे साडू.

"अन्ना," तो म्हणाला, "वो किनारे की कुर्सी निकालो."

त्याच्या लक्षातसुद्धा आलं नाही. वाईट या गोष्टीचं वाटलं. त्याने मुद्दाम केलं असतं तर मी भांडलो असतो. तो विसरला होता. मी खुर्ची उचलली, पायऱ्या उतरलो, आणि पहिल्या रांगेच्या टोकाला नेऊन ठेवली. पांढरं कव्हर, सॅटिनची गाठ, आणि बाजूला सगळ्या लाल प्लॅस्टिकच्या. या वयात कुर्ता घालून मैदानात रडायचं नव्हतं, म्हणून मी लॉरीकडे गेलो.

टेंटहाऊसवाल्याने नेहमीचा प्रश्न विचारला. "साब, बाकी की लॉरी में रहने दूं?"

"सगळ्या उतरव," मी म्हणालो.

"पूरी?"

"पूरी. मोठी सभा आहे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांत त्याने लॉरीचा तळ कधी बघितला नव्हता. पण उतरवल्या. मी स्वतः लावल्या. रांगेला रांग चिकटवून, मधला रस्ता बुजवून, स्टेजपासून चिंचेच्या बुंध्यापर्यंत. फक्त तुळशी तेवढ्या सोडल्या. माझ्यावर पुढे गद्दारीचा आरोप झाला, त्याचं उत्तर इथे देऊन ठेवतो. अध्यक्षाचा हुकूम होता की मैदान भरलेलं दिसलं पाहिजे. मैदान भरलं होतं. खुर्च्यांनी.

साहेब आले, सोफ्यावर बसले, आणि समोर बघितलं. पुढे आमचे पन्नासेक कार्यकर्ते, तेही ऊन लागतं म्हणून बाजूला सरकलेले. बाकी लाल खुर्च्या, जिकडे बघावं तिकडे. पोरं मोबाइल वर धरून फोटो काढत होती. साहेब मुरलेले होते. त्यांनी अध्यक्षाला काही विचारलं, अध्यक्षाने कॉन्ट्रॅक्टरकडे बघितलं, कॉन्ट्रॅक्टरने आकाशाकडे. मग साहेबांनी माईकवाल्याच्या बाजूला उभ्या असलेल्या मला बोटाने बोलावलं. "लोगां किधर हैं?"

"इधरीच हैं साहेब," मी म्हणालो आणि भिंतीकडे हात केला. "हल्दीकुंकू चल रा."

साहेब कमरेवर हात ठेवून उतरले आणि थेट तिकडे गेले. माझ्या बायकोने त्यांना तिळगूळ दिला. गोड बोला म्हणाली, सगळ्यांना म्हणते तशी. मग एवढंच विचारलं, की साहेब, तुमच्या लहानपणी घराजवळ मैदान होतं का? लाडू चावायला कठीण होता. तो चावता चावता त्यांनी बायका बघितल्या, तुळशी बघितल्या, आणि मागे वळून खुर्च्या बघितल्या. स्टेजवर परत आल्यावर माईक हातात घेऊन त्यांनी जाहीर केलं की या मैदानात हॉल होणार नाही, कुणी असा विचार केलाच कसा, याचं त्यांना आश्चर्य वाटतं. आमच्या कार्यकर्त्यांनी टाळ्या वाजवल्या. कॉन्ट्रॅक्टरनेही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी जुन्या बोर्डाच्या जागी नवीन बोर्ड लागला: 'मैदान वाचवल्याबद्दल साहेबांचे हार्दिक आभार.' खाली शुभेच्छुक म्हणून कॉन्ट्रॅक्टरचा फोटो होता, गॉगल लावून.

सभा संपली. गाड्या गेल्या. अध्यक्ष माझ्याशी न बोलता गेला आणि आता बहुधा कधीच बोलणार नाही. मी एकटाच खुर्च्या एकात एक घालत होतो. बायका सतरंज्या झटकून घरी निघाल्या होत्या. माझी बायको पाय दुखतात म्हणून पहिल्या रांगेच्या टोकाला येऊन बसली. पांढऱ्या कव्हरच्या खुर्चीवर. तिच्या डोळ्यांना उन्हाने पाणी आलं होतं.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "त्या भिंतीकडे कशाला बसलात उन्हात? चिंचेखाली सावली होती की."

"चिंचेखालून स्टेजची डावी कड दिसत नाही," ती म्हणाली. "स्टेजचा खांब मधे येतो."

मला आधी कळलंच नाही.

"तुम्ही म्हणाला होता ना, डाव्या कडेला. मी सगळ्याजणींना सांगून ठेवलं होतं, आज आमचे वर बसणार आहेत म्हणून. तिथून नीट दिसलं असतं." ती पायाची बोटं चोळत होती. "लई वेळ बघत बसलो. मग खालाच म्हणाल्या, दिखते नई तुमारे. खुर्चीच नव्हती वाटतं?"

"होती," मी म्हणालो. "त्याच खुर्चीवर बसली आहेस तू."

ती चटकन उठली. कव्हर हाताने सारखं केलं, मागची गाठ ओढून घट्ट केली आणि म्हणाली, "बसा."

"अगं आता काय..."

"बसा म्हणते ना."

मी बसलो. कुर्ता सावरला, पाय जोडले, हात मांडीवर ठेवले, मोठे लोक ठेवतात तसे. ती चार पावलं मागे गेली, मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं, आणि मग भिंतीकडे तोंड करून मोठ्याने हाक मारली. तिथे दोन पोरी खाट उचलायच्या बेतात होत्या आणि खाला अजून खाटेवरच होत्या.

"खाला, ठैरो! अब देखो. बैठे."